मदत हवी आहे : झ्विफ्टच्या शर्यतीत चढावर अटॅक नेमका कधी करावा?

नमस्कार. मी कोथरूडला राहतो. एरवी रविवारी सिंहगडाचा घाट चढतो, पावसाळ्यात मात्र सायकल ट्रेनरला (घरात एका जागी सायकल चालवण्याच्या यंत्राला) जोडून झ्विफ्ट या ऑनलाइन ॲपवर, आभासी रस्त्यांवरच्या शर्यती खेळतो. वजन ७४ किलो असून वीस मिनिटे २६० वॅट टिकतात.

आल्प दु झ्विफ्टवर, म्हणजे १२ किलोमीटरहून थोड्या लांब आणि सरासरी साडेआठ टक्के चढाच्या त्या २१ वळणांवर, वेग इतका मंदावतो की पुढच्याच्या आडोशाचा लाभ फारसा उरत नाही. तिथे एकसारखा जोर लावणेच शहाणपणाचे, हे मला पटले आहे. अडचण आहे ती बॉक्स हिलसारख्या सुमारे ३ किलोमीटरच्या चढांची. गेल्या आठवड्यात पायथ्यालाच ४०० वॅट मारून गटापासून सुटलो, पण माथ्यापाशी पाय जड झाले आणि तोच गट मला मागे टाकून निघून गेला. (घरच्यांनी फक्त ‘आता पंखा बंद करू का?’ एवढेच विचारले.)

अटॅक, म्हणजे एकदम जोर लावून गटापासून सुटणे, सर्वांत तीव्र टप्प्यावर करावा, की माथा तीनचारशे मीटरवर आल्यावर? ट्रेनर डिफिकल्टी ही सेटिंग ५० टक्क्यांवर असल्याने चढ वाढल्याचे पायांना निम्मेच जाणवते; ती वाढवावी का? आणि थोडा वेळ वजन हलके करणारे पीस (झ्विफ्टवर शर्यतीत मिळणारी सवलत) अटॅकच्या क्षणी वापरावे, की दमल्यावर? अनुभवींनी कृपया सांगावे.