जुनी कॅम्पर व्हॅन : इन्व्हर्टर सारखा ट्रिप होतोय, बॅटरी बदलू का वायर?

रंकाळा_साईड
मंडळी, सेकंडहँड ट्रॅव्हलर घेतलीय, आधीच्या मालकानं कॅम्पर करून वापरलेली. सगळ्यात मागच्या सीटखाली १२ व्होल्टची १५० एएच (अँपियर-तास) ट्युब्युलर बॅटरी आणि १००० वॅटचा इन्व्हर्टर पार पुढं ड्रायव्हरच्या पाठीमागं. पंखा, लाईट, मोबाईल सगळं झकास चालतंय पण ६०० वॅटची छोटी किटली लावली की टीं टीं करून इन्व्हर्टर बंद. मीटरवर बॅटरी १२.६ दाखवतीय आणि बॅटरीवाला म्हणतोय गेली, नवीन टाका. गाडी आधी मालवण-तारकर्लीलाच जास्त फिरलीय असं कळलं. गणपतीत कोकणात न्यायचीय, काय करू सांगा की.

पॅनेलवाला
भावा एवढ्यात बॅटरीला पैसे घालू नको. १२.६ हे लोड नसतानाचं रीडिंग, त्यावरनं वायरचं कायच कळत नाही. किटलीत पाणी घालून चालू कर आणि ती चालू असतानाच आधी बॅटरीच्या पोलवर व्होल्टेज घे, मग इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर घे. पोलवर म्हणजे शिशाच्या पोलवरच, क्लॅम्पवर (पोलला आवळलेल्या पट्टीवर) नको, नाहीतर क्लॅम्पचा दोष लपतो. दोन्हीकडं पडत असेल तर बॅटरी, बॅटरीवर ठीक आणि इन्व्हर्टरवर पडलेलं असेल तर वायर नाहीतर जॉइंट. वायर किती जाडीची हाय तेपण बघ.

रंकाळा_साईड
घेतलं रीडिंग. बॅटरीवर १२.१, इन्व्हर्टरवर १०.३ आणि लगेच बंद. वायर १० स्क्वेअर एमएम, एका बाजूनं साधारण ३ मीटर. सीटच्या खाली मधेच एक टेप गुंडाळलेला जॉइंट सापडला, टेप काढला तर आत तांबं हिरवंगार.

पॅनेलवाला
मग सापडलं की! व्होल्टेज एवढं पडतंय म्हणूनच इन्व्हर्टर बंद होतोय. ६०० वॅटला १२ व्होल्टवर, इन्व्हर्टरमधली तूट धरून, ६०-६५ अँपियर ओढतंय. १० स्क्वेअरची तार जाऊन-येऊन ६ मीटर धरली तर तिच्यात ०.७ व्होल्टच जायला पाहिजेत, तुझे गेले १.८. उरलेला व्होल्टभर जास्त करून त्या जॉइंटवर जातोय, म्हणजे तिथं सत्तरेक वॅटची उष्णता, साधं सोल्डरिंग आयर्नसुद्धा एवढ्या वॅटचं नसतं, आणि हे सगळं सीटच्या फोमखाली. हे नीट होईतोवर किटली लावू नको.

घाटमाथा
खाऱ्या हवेतल्या गाडीत हे ठरलेलंच, लगजवळचं (लग म्हणजे वायरच्या टोकाचा बोल्टात बसणारा कान) इन्सुलेशन थोडं कापून बघा, तिथनं हिरवं आत सरकत जातं, वरनं वायर नवी दिसते. माझ्या मते अख्खी लाईनच बदला, ३५ स्क्वेअर मल्टिस्ट्रँड (बारीक तारांचं) तांबं. १००० वॅट पूर्ण ओढले तरी १०० अँपियरला ३ मीटरवर ०.३ व्होल्टच पडतंय. आणि जमलं तर इन्व्हर्टरच मागं आणा, वायर मीटरभर झाली की निम्मा प्रश्न तिथंच मिटला. फक्त बॅटरीच्याच बंद खोक्यात ठेवू नका, चार्जिंगला पेट घेणारा हायड्रोजन सुटतो, त्या खोक्याला बाहेर काढलेला व्हेंट पाहिजे.

तांबडा_रस्सा
कोल्हापुरात उद्यमनगरात वेल्डिंगची केबल मिळतीय की, स्वस्तात मस्त, मीपण तीच टाकलीय

पॅनेलवाला
चालती दादा, पण पाइपात घालून आणि डिझेल-ऑइलपासनं लांब. घेताना एक तार ब्लेडनं खरवडून बघायची, आत पांढरं दिसलं तर ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. कार ऑडिओच्या जाड केबलीत हे लई चालतंय. लग तांब्याचा कथील चढवलेला, हायड्रॉलिक क्रिंपनं दाबलेला, वर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी). हातोडीनं ठोकलेला लग नको.

घाटमाथा
फ्यूजचं कुणी बोललंच नाही! पॉझिटिव्हवर बॅटरीपासनं वीतभराच्या आत १२५ अँपियरचा एएनएल (बोल्टनं बसणारा मोठा) फ्यूज हवाच. केबल पत्र्याला घासून इन्सुलेशन फाटलं की ही बॅटरी हजारभर अँपियर सहज सोडते, आणि इन्व्हर्टरच्या आतला फ्यूज त्या मधल्या केबलला काय वाचवणार? पत्र्यातनं जाते तिथं रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी रिंग). निगेटिव्ह चासीवर दिला असेल तर तो बोल्टपण उघडा, रंग-गंज खरवडा, नाहीतर तीपण सरळ वायरनंच घ्या.

रंकाळा_साईड
कामाला लागताना आधी कुठली वायर काढू? आणि इन्व्हर्टरच्या २३० व्होल्टच्या बाजूला घरातली सिंगल तारेची वायर टाकलीय, चालेल का?

पॅनेलवाला
आधी निगेटिव्ह काढायची, जोडताना ती शेवटी. अंगठी-कडं काढून ठेव. इन्व्हर्टर जोडताना चट्ट करून ठिणगी पडेल, आतले कपॅसिटर भरतात म्हणून, घाबरू नको, पण तो शेवटचा जोड बॅटरीच्या तोंडाशी करू नको, इन्व्हर्टरच्या टोकाला कर, आणि चार्जिंग चालू असताना तर अजिबात नको. सिंगल तार गाडीच्या हादऱ्यानं तुटते, तीपण काढ, थ्री-कोअर (तीन तारांची) फ्लेक्सिबल टाक.

घाटमाथा
आणि गगनबावड्याचा घाट उतरून खाली गेलात की पहिल्या मुक्कामाला किटली लावा, बंद करा, निगेटिव्ह सोडा आणि एकेक लग हातानं चाचपा. कोमट असला तर चालतंय. हात ठेवता येत नसेल तर तो लग परत क्रिंप करायचा, नुसता नट आवळून भागत नाही.