टॉप लोड मशीनचा टब स्पिनला आदळतोय, सस्पेन्शन रॉड घरी बदलता येतील का?

निळी_बादली
नमस्कार मंडळी. फुल्ली ऑटोमॅटिक टॉप लोड, साडेसहा किलो, सात वर्षं वापरात. धुताना काही त्रास नाही, पण स्पिन सुरू झाला की टब मागच्या उजव्या कोपऱ्यावर धाडधाड आदळतो. मशीन थांबतं, आपणहून पुन्हा पाणी भरतं, कपडे घोळवतं आणि परत स्पिनला जातं. दोन-तीनदा असं झालं की यूई (तोल बिघडल्याचा कोड) दाखवून बसतं. कपडे निम्मे केले तरी तेच. झाकण उघडून पाहिलं तर रिकामा टबही कललेला दिसतो. बाकी कोपऱ्यांत टब आणि बॉडीच्या मध्ये तीन बोटं जातात, मागच्या उजव्या कोपऱ्यात एकच.
बजेट फक्त सुट्या भागांचं आहे. नवीन मशीन घ्यायचं नाही, तो सल्ला कृपया नको. स्क्रूड्रायव्हर, पान्ह्यांचा सेट आणि मदतीला एक माणूस आहे. टब टांगून धरणारे सस्पेन्शन रॉडच गेले असतील का? चारही बदलायचे का? मशीन आडवं करावं लागेल का?

कोरडी_हवा
सात वर्षं म्हणजे मशीनने पैसे वसूल करून दिले. आता फ्रंट लोड घ्या. पाणी निम्मं लागतं, कपडे पिळून जवळजवळ सुके निघतात. जुन्यात भाग घालत बसलात तर आज रॉड, उद्या क्लच, परवा बेअरिंग.

पान्हापक्कड
धागाकर्त्याने नवीन मशीन नको म्हणून स्पष्ट लिहिलंय.
आधी खात्री करून घ्या. मशीन रिकामं, प्लग काढलेला. टबचा काठ दोन्ही हातांनी मधोमध सरळ खाली दाबा आणि एकदम सोडा. चांगल्या रॉडवर टब वर येतो, फार तर एक हेलकावा घेतो आणि थांबतो. दोन-तीनदा वरखाली नाचला तर रॉडची पकड गेली. हेच प्रत्येक कोपऱ्यावर वेगळं करून पाहा. कललेल्या कोपऱ्यात दाबताना हाताला काहीच विरोध लागत नसेल, तर तिथला रॉड नुसता ढिला नाही, तुटलाय.
पुन्हा पुन्हा पाणी भरण्याचं कारणही यातच आहे. टब ठरलेल्या मर्यादेबाहेर झुलला की काही मॉडेलमध्ये एक लोंबती पट्टी दाबली जाते, काहींमध्ये मोटरच्या फिरण्यावरून बोर्डाला कळतं. मशीनला वाटतं कपडे एका बाजूला गोळा झालेत, म्हणून ते पाणी घेऊन पसरवायला जातं. रॉड मेलेला असेल तर कितीही पसरवलं तरी फरक पडत नाही, पाणी मात्र वाया जातं.

साबणफेस
+१ रॉडच. चारही बदला, एकेक बदलू नका.

आडवी_पट्टी
मशीन चाकांच्या स्टँडवर आहे का, ते कुणी विचारलंच नाही. स्टँड आधी काढा. पायाखाली जाड रबरी बूट घाला, निम्मा आवाज तिथेच जाईल.

पान्हापक्कड
स्टँड काढावा हे बरोबर, चाकांवर कुठलंच मशीन स्थिर राहत नाही. पण इथे रिकामा टब कललाय. रबरी बुटांनी बॉडीचं थरथरणं कमी होईल, टब सरळ होणार नाही.

निळी_बादली
स्टँड नाही, थेट फरशीवर आहे. दाबून पाहिलं. मागे उजवीकडे टब भसकन खाली जातो, काहीच विरोध नाही. मागे डावीकडे चारदा हलला. पुढचे दोन्ही कोपरे एका हेलकाव्यात थांबतात.

वंगणवाला
तुटलेला एक बदला, बाकीच्यांना ग्रीस लावा. वरचं कव्हर उचलायचं, रॉडवर आणि खालच्या कपात भरपूर ग्रीस सोडायचं, नसेल तर मशीनचं तेल. दहा मिनिटांत काम होतं आणि वर्षभर आवाज येत नाही.

चौथा_कोपरा
वंगणवाले, असं कृपया कुणाला सांगू नका. रॉडची रचना बघा. रॉड बॉडीच्या कोपऱ्यात वरून टांगलेला असतो. खालच्या टोकाला प्लास्टिकची बैठक, तिच्यावर स्प्रिंग आणि स्प्रिंगवर उलटा कप. टबचा कान, म्हणजे कोपऱ्यात बाहेर आलेला भाग, या कपावर टेकतो. टब खाली गेला की कप बैठकीवरून सरकतो, तिथल्या घर्षणाने आणि आत कोंडलेल्या हवेने झोका मरतो. स्प्रिंग फक्त वजन पेलते, झोका थांबवायचं काम त्या घर्षणाचं. तिथे तेल सोडलं की घर्षणच संपतं. आवाज गेल्यासारखा वाटेल, पण स्पिनला टब आधीपेक्षा जास्त उडेल. शिवाय साध्या खनिज ग्रीसने रबर फुगतं.
वंगण लावायचंच तर वरच्या अर्धगोल प्लास्टिकच्या गोळीखाली, जिथे ती कोपऱ्याच्या वाटीत बसते. सिलिकॉन ग्रीस, हरभऱ्याएवढं. कुरकुर तिथूनच येते. कपाच्या आत कंपनीने घातलेलं दाट ग्रीस असतं, त्यात भर घालायची नाही.

वंगणवाला
आवाज गेला हे मी कानांनी ऐकलंय. कुरकुर वरून येते हे मान्य. पण सगळ्यांना नवे भागच घ्यायला लावायचं हे पटत नाही. स्प्रिंग बसली असेल तर तिच्याखाली दोन वॉशर घाला, टब वर येतो.

चौथा_कोपरा
टब वर येतो, झोका तसाच राहतो. नवा भाग हाती येईपर्यंत आठवडाभर चालवायचं असेल तर वॉशर ठीक, तेही स्पिन सर्वांत कमी वेगावर ठेवून.

झुळझुळ
आमचं सेमी ऑटोमॅटिक आहे, त्यात हे रॉड नसतातच. ड्रायरची मोटर खाली तीन स्प्रिंगांवर उभी असते. एक स्प्रिंग मोडली की ड्रायर असाच आदळतो. मागचं पत्र्याचं कव्हर काढलं की समोर दिसतं.

कोरडी_हवा
म्हणूनच म्हणतो, फ्रंट लोडला ही भानगडच नाही.

पान्हापक्कड
आहे, फक्त वेगळ्या रूपात. फ्रंट लोडमध्ये टब वर स्प्रिंगांना टांगलेला असतो, खाली दोन ते चार शॉक अब्जॉर्बर असतात आणि टबला काँक्रीटचं किंवा लोखंडाचं जड वजन जोडलेलं असतं. शॉक अब्जॉर्बर गेले की तेही मशीन चालायला लागतं. नवीन बसवताना मागचे वाहतुकीचे बोल्ट काढायचे राहिले, तर पहिल्याच स्पिनला खोली हादरते. हा विषय वेगळ्या धाग्यात घेऊ.
निळी_बादली, आता कामाचं.
आधी ड्रेन चालवून पाणी पूर्ण काढा. मग प्लग काढा, नळ बंद करा, ड्रेनचा पाइप बादलीत खाली सोडून उरलेलं पाणीही जाऊ द्या. मशीन भिंतीपासून हातभर पुढे ओढा. वरच्या कव्हरचे स्क्रू बहुतेक मागे असतात, पुढचे असतील तर प्लास्टिकच्या टोप्यांखाली लपलेले असतात. कव्हर सावकाश उचला, कारण कंट्रोल पॅनेलच्या वायरी त्यालाच आहेत. मागे उभं करून भिंतीला टेकवा आणि चिकटपट्टीने बांधा. वायरींचा आणि पाण्याच्या पाइपांचा आधी फोटो काढा. टबाच्या बाजूने वर जाणारी एक बारीक हवेची नळी दिसेल. पाण्याची पातळी तिच्यावरून कळते. ती मुडपली किंवा निसटली तर मशीन पाणी भरतच राहील.
आता चारही कोपरे समोर आलेत. मदतनीसाने त्या कोपऱ्याजवळ टबचा काठ धरून वर उचलायचा. तेवढ्यात रॉडवरचा भार जातो. गोळी वाटीतून वर उचला, खाचेतून आतल्या बाजूला काढा, मग रॉड खाली सोडून कप टबच्या कानातून बाजूला सरकवा. नवा रॉड उलट क्रमाने: आधी कप कानात, मग गोळी वाटीत. गोळीची गोल बाजू खाली. टब सोडण्याआधी कप कानात पूर्ण बसलाय का ते बोट फिरवून बघा. अर्धवट बसला तर पहिल्या स्पिनलाच निसटतो.
एका वेळी एकच रॉड काढायचा. दोन-तीन एकदम काढले तर टब, मोटर आणि क्लच मिळून सगळं खाली बसतं, ड्रेनची नळी आणि वायरी दबतात. मशीन आडवं करायची गरज नाही. जाड हातमोजे घाला, पत्र्याच्या कडा सुरीसारख्या असतात. खाली कपॅसिटर (वीज साठवून ठेवणारा भाग) असला तर प्लग काढलेला असतानाही त्याच्या टोकांना हात लावू नका. दोघांना तासभर पुरतो.

साबणफेस
एका वेळी एकच काढा, हे सर्वांत महत्त्वाचं. आणि चारही बदला.

सरळरेषा
खरेदीबद्दल कुणी लिहिलं नाही. नुसतं 'साडेसहा किलोचे रॉड द्या' म्हणू नका. एकाच किलोच्या दोन मॉडेलांत रॉडची लांबी वेगळी असते. मशीनच्या मागच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्या, शिवाय जुना रॉड काढून गोळीच्या खालपासून बैठकीपर्यंत मोजा. तुलना लोखंडी दांड्याची करायची, स्प्रिंगची नाही, जुनी स्प्रिंग दबून आखूड झालेली असते. एक-दोन सेंटिमीटरचा फरकही टब कलायला पुरतो.
दुसरी गोष्ट, काही मॉडेलांत पुढचे आणि मागचे रॉड वेगळे असतात, कारण मोटर एका बाजूला असल्याने भार सगळीकडे सारखा नसतो. कपाचा किंवा स्प्रिंगचा रंग वेगळा दिसला तर समजायचं. काढताना प्रत्येकावर चिठ्ठी लावा.

आडवी_पट्टी
रॉड बदलूनही आदळलं तर आतल्या ड्रमच्या वरच्या काठाची जाड प्लास्टिकची कडी बघा. तिच्यात मिठाचं पाणी असतं. वेगात ते जड बाजूच्या विरुद्ध सरकून तोल साधतं. ड्रम हाताने हलवल्यावर खळखळ ऐकू आली तर घाबरू नका, तशीच यायला हवी. खळखळ नाही आणि काठाला मिठाचे पांढरे ओघळ दिसले, तर कडी गळली. मग रॉड कितीही नवे घाला.

चौथा_कोपरा
चांगला मुद्दा. त्याआधी टबचे चारही कान टॉर्च लावून बघा. कान प्लास्टिकचा असतो आणि तुटका रॉड घेऊन मशीन बरेच दिवस चालवलं तर त्याला केसासारखी भेग जाते. भेग असेल तर बाहेरचा टबच बदलावा लागतो, चिकटवून टिकत नाही. कोपऱ्यातली वाटी ज्या पत्र्यावर बसते तिथला गंजही बघा.

साबणफेस
आणि ब्लँकेट टाकू नका.

सरळरेषा
ब्लँकेटपेक्षा वॉटरप्रूफ कापड वाईट. गादीचं प्लास्टिक अस्तराचं कव्हर किंवा रेनकोट स्पिनला पाणी अडवून धरतो, मग ते अडकलेलं पाणी अचानक सुटतं आणि टब फेकला जातो. सॅमसंगने २०१६ साली अमेरिकेत सुमारे २८ लाख टॉप लोड मशीनं परत बोलावली होती, कारण अंथरुणाचे मोठे किंवा पाणी अडवणारे कपडे वेगात पिळताना वरचा भाग सुटून येण्याचा धोका होता. असे कपडे स्पिनशिवाय निथळत ठेवा.

निळी_बादली
सर्वांचे आभार. काल वरचं कव्हर उघडलं. मागच्या उजव्या रॉडचा कप काठाला चिरलाय, स्प्रिंग त्यातून वर घुसलीय. मागच्या डाव्याचा कप शाबूत आहे, पण दांड्यावर बोटभर पट्टा घासून चकाकतोय आणि कपाखाली काळी भुकटी साठलीय. पुढच्या दोघांवर ना चकाकी, ना भुकटी. चारही कान टॉर्चने बघितले, भेग नाही. मागच्यांचे कप करडे, पुढच्यांचे पांढरे, म्हणजे जोड्या वेगळ्याच. मागची जोडी मागवतोय, पुढचे तसेच ठेवणार.

साबणफेस
चारही बदला म्हणून सगळ्यांनी सांगितलं होतं.

पान्हापक्कड
मी चारच घातले असते. नव्या स्प्रिंगा मागची बाजू उचलतात आणि टब पुढे झुकण्याची शक्यता असते. पण पुढचे दोन्ही एका हेलकाव्यात थांबतायत आणि जोड्याही वेगळ्या आहेत, तर करून बघा. बसवल्यावर टब आणि बॉडीमधलं अंतर चारही कोपऱ्यांत पट्टीने मोजा. बोटाच्या जाडीपेक्षा जास्त फरक राहिला तर पुढचेही बदलावे लागतील. मग पाणसळ ठेवून मशीनचे पाय समतल करा, पायांचे चेकनट (पाय जागी घट्ट धरणारे नट) आवळा. पहिला स्पिन रिकामा, दुसरा तीन-चार टॉवेल घालून, त्यानंतरच नेहमीचे कपडे.

निळी_बादली
बसवले. दोघांना दीड तास लागला. सर्वांत जास्त वेळ डावीकडचा कप कानातून काढण्यात गेला, शेवटी मदतनीसाने टब आणखी थोडा उचलल्यावर सुटला. दाबून सोडलं, चारही कोपरे एका हेलकाव्यात थांबतात. अंतर मागे ४१ आणि ४० मिलिमीटर, पुढे ३६ आणि ३७. रिकामा स्पिन शांत, टॉवेलांचाही शांत. आज नेहमीचे कपडे टाकले, यूई नाही, पाणी पुन्हा भरलं नाही.

वंगणवाला
गोळीखाली ग्रीस लावलं का?

निळी_बादली
हो, चारही गोळ्यांखाली, सिलिकॉनचं, हरभऱ्याएवढं. कपात नाही.