श्रद्धांजलीच्या फलकावर ‘बलू’ फाँट चालतो का?

बोरूवाला: कालच्या धाग्यात एकाने ठोकून दिलं, ‘बलू कुठेही चालतो, बाकीचे फाँट काढून टाका.’ राहवलं नाही म्हणून लिहितोय. ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या गटाने २०१६ मध्ये बलू आणला. जाडजूड रेघ, गोल टोकं, गुबगुबीत अंग. खाऊच्या पुडीवर, बालवाडीच्या पाटीवर झकास. पण आमच्या चौकात ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ त्याच अक्षरात! बोरूच्या तिरक्या कापातून येणारी जाड-बारीक चाल ही देवनागरीची ओळख. ती इथे गेलीच.

खिळेजुळारी: माझं छपाईचं दुकान आहे. गिऱ्हाईक नऊला येतं, फ्लेक्स दहाला मागतं. रस्त्यापलीकडून वाचता आलं पाहिजे. तुमची बारीक रेघ उन्हात दिसत नाही, बलू दिसतो. वर फुकट, परवाना खुला. आधी निम्म्या गल्लीचा धंदा चोरीच्या फाँटवर चालायचा, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

पाकळीचा_ल: जाडी सोडा हो. मुलीच्या शाळेच्या नव्या पाटीवर ‘शाळा’ हिंदी वळणाच्या श ने! मराठीत देठाचा श आणि पाकळीचा ल, असा शासन निर्णय २००९ पासून आहे. कुणाला पडलीय?

खिळेजुळारी: दोन्ही वळणं असलेल्या फाँटातही मजकुराची भाषा मराठी निवडली नाही तर बहुधा हिंदी वळणच येतं.

पाकळीचा_ल: मग निवडा की! निव्वळ आळस.

खिळेजुळारी: आळस? दिवाळीत रात्री दोनपर्यंत मशीनपाशी उभे राहा, मग बोला.

लेबलताई: भांडा सावकाश. मी मसाल्याच्या पाकिटांची कामं करते. एकाच पाकिटावर मराठी, गुजराती, कन्नड. पूर्वी तिन्ही अक्षरं तीन घरची वाटायची. आता गुजरातीला बलू भाई, कन्नडला बलू तम्मा, सगळ्यांची जाडी सारखी. मात्र घटकांच्या बारीक यादीत तो जाड बलू घालू नका, ‘द्ध’, ‘ष्ठ’ शाईने बुजतात. तिथे मी मुक्ता फाँट लावते.

बोरूवाला: पाकिटाचं मान्य. लांबून वाचता येतो हेही मान्य, नाइलाजाने. पण जाडीच हवी तर गोल टोकांचा हट्ट का? मुक्ताही ‘एक टाइप’चाच, फुकटच, त्यात ८०० पर्यंत, म्हणजे चांगली ठळक जाडी आहे. टोकं सरळ, चेहरा गंभीर.

खिळेजुळारी: मागच्या महिन्यात वडील गेलेला एक मुलगा समोर बसला होता. दोन्ही नमुने दाखवले. म्हणाला, “बाबा कधी कुणावर ओरडले नाहीत, मऊ अक्षर घ्या.” त्याला गांभीर्य शिकवू?

बोरूवाला: नको. त्याच्या बाबांसाठी त्याने निवडलं, तिथे माझं काही म्हणणं नाही. आमच्या चौकातला फलक मंडळाने लावला, घरच्यांना विचारलंसुद्धा नव्हतं. वाढदिवसाचीच फाइल उघडून वरचा मजकूर बदललेला, मागे फुगेही तसेच. माझा राग त्यावर आहे.

खिळेजुळारी: फुगे? मग तो राग बरोबर आहे. पण तो फाँटवर काढू नका.

पाकळीचा_ल: आणि भाषा मराठी निवडा. दोन सेकंदांचं काम आहे.