पिकअपच्या आधी तारांची उंची बघा

१४ वर्षांच्या भाचीसाठी १०-१२ हजारांत पिकअपवालीच (म्हणजे केबलने स्पीकरला जोडता येणारी) गिटार घ्यावी का, असं विचारलंय. गॅदरिंगला स्टेजवर वाजवणार असेल तर जरूर घ्या. पण दुकानात आधी बाराव्या फ्रेटवर (गिटारच्या मानेवरच्या बाराव्या धातूच्या पट्टीवर) तार किती वर आहे ते बघा. जाड तार अडीच-तीन मिलिमीटरच्या वर असेल तर कोवळी बोटं हुळहुळतात आणि गिटार कपाटावर जाते. आमच्या चिरंजीवांची तशीच गेली होती. सॅडल, म्हणजे खालच्या टोकाला तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, घासून घेतलं, १० गेजच्या बारीक तारा चढवल्या, तेव्हा कुठे खाली उतरली! यामाहाची एफएक्स३१०ए दिसली तर वाजवून बघा.

आणि हो, वाजवून झालं की केबल काढायची सवय लावा. ती जॅकमध्ये राहिली की बहुतेक गिटारांत प्रीअँप (पिकअपचा आवाज वाढवणारं आतलं सर्किट) चालूच राहतो आणि ९ व्होल्टची बॅटरी नेमकी कार्यक्रमाच्या दिवशी मान टाकते.