रविवारी शेतकरी बाजार भरतो. सोमवारची मेथी कोण आणणार?

चाळकरी (धागाकर्ता)
आमच्याकडे मैदानात दर रविवारी शेतकरी आठवडी बाजार भरतो. मधला दलाल नको, शेतकऱ्याने थेट गिऱ्हाइकाला विकावं, म्हणून राज्याच्या पणन मंडळाने (शेतमाल विक्रीचं मंडळ) हे बाजार सुरू केले. मीही पिशवी घेऊन जातो, माल चांगला असतो. पण परवा त्याच मैदानाच्या भिंतीला रोज भाजी विकत बसणाऱ्या मावशींची पाटी पालिकेचे गाडीवाले उचलून घेऊन गेले. वजनकाट्यासकट.

मावशी पहाटे अडीचला उठतात. चौघीजणी मिळून टेम्पो करतात, वाशीच्या घाऊक बाजारातून माल आणतात, सहाला नळाखाली पालक भिजवून गोणपाटावर मांडतात. रात्री नऊपर्यंत तिथेच. दहा रुपयांत मिरची, कोथिंबीर नि आल्याचा तुकडा त्याच देतात, उधारीही त्यांच्याकडेच चालते. 2014 चा फेरीवाला कायदा म्हणतो की सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणाला उठवायचं नाही. आठवड्यातून एक दिवस भरणाऱ्या बाजाराला मांडव, आणि रोज आपल्या चुलीला भाजी पुरवणारीला धावपळ? सरकारने आधी हिला बसायला जागा द्यावी, एवढंच म्हणणं.

जुन्नरी
भाऊ, मावशींचं वाईट झालं, पण राग आमच्यावर का? मी शनिवारी रात्री अकराला पिकअप भरून माळशेजने निघतो. पूर्वी आम्हा शेतकऱ्यांच्या पट्टीतून (विक्रीच्या हिशोबातून) आडत, म्हणजे दलालाचं कमिशन, कापली जायची, वर हमाली, तोलाई, गाडीभाडं. एकदा कोबी पाठवला तर पट्टीत माझ्याच अंगावर सत्तर रुपये निघाले! माल देऊन वर पैसे भरायचे. 2016 च्या जुलैत सरकारने फळं-भाजीपाला नियमनमुक्त केला, म्हणजे बाजार समितीच्या बंधनातून सोडवला, आडत खरेदीदाराकडे वळवली, तेव्हा व्यापाऱ्यांनी मार्केट बंद ठेवलं होतं, आठवतंय ना? आज रविवारी दुपारी दोनला रोख पैसे खिशात घेऊन घाट चढतो. हा बाजार बंद करा म्हणू नका.

लगेज_डबा
बंद कोण म्हणतंय? पण 'थेट शेतकरी' पाटीखाली बसलेले सगळे शेतकरी असतात का ते बघा. आमच्या बाजारात एका दादांकडे सफरचंदं होती. म्हटलं, कुठलं गाव? म्हणे नारायणगाव. नारायणगावला सफरचंद कधीपासून लागायला लागलं?

जुन्नरी
😀 हे मान्य. शेतकरी गटाच्या नावावर एखादा व्यापारी घुसतो. सातबारा बघून गाळा द्या म्हणून आम्हीच ओरडतो.

माथाडीचा_पोर
वाशीला शिव्या घालणं सोपं आहे. 1996 ला भाजीपाल्याचा घाऊक बाजार भायखळ्याहून वाशीला गेला, वडील तेव्हा भायखळ्याला पाठीवर गोणी वाहायचे. नाशिक, पुणे, साताऱ्याच्या गाड्या रात्रभर खाली होतात, म्हणून तुमच्या मावशींना पहाटे माल मिळतो. तीस मांडवांचा बाजार एका वॉर्डाच्या फोडणीला पुरायचा नाही. सरकारला खर्च करायचाच असेल तर मार्केटात पावसाळ्यात चिखलात सडणारा पाला वाचवा, शेड आणि शीतगृहं नीट करा. आडत कुणी द्यायची यावर भांडण जरूर करा, पण बाजार मोडून मुंबई जेवणार नाही.

परळची_सून
सगळे भाजीवरच अडकलेत. ज्यांच्याकडे मेथीची जुडी घ्यायलाही पैसे नाहीत त्यांचं काय? जानेवारी 2023 पासून रेशनचं धान्य फुकट झालं, माणशी पाच किलो. छान. पण शहरात प्राधान्य कुटुंबात (हे धान्य मिळणाऱ्यांच्या यादीत) बसायला वर्षाचं उत्पन्न 59 हजारांच्या आत हवं. दोन घरची धुणीभांडी करून महिना पाच हजार मिळवणारी बाई साठ हजारांवर जाते, म्हणजे बाहेर! आणि यादीत नाव असलं तरी माझ्या सासूबाईंचा अंगठा मशीनवर उमटत नाही. जन्मभर भांडी घासून रेषाच गेल्यात. दुकानदार ओलं फडकं देतो, पुसा म्हणतो, परत लावा म्हणतो. गेल्या महिन्यात तीन फेऱ्या झाल्या. मांडव बांधण्याआधी ही मर्यादा वाढवा.

शंकासुर
फुकट, फुकट आणि फुकट. 1995 च्या युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर आणली, आमच्या नाक्यावरच्या केंद्रात पुढे चायनीज मिळायला लागलं. मग 26 जानेवारी 2020 ला शिवभोजन, दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण, भात. शहरात प्रत्येक थाळीमागे चाळीस रुपये सरकारचे. करदात्याने किती वर्षं भरायचे?

परळची_सून
केंद्राची जागा लाटली ती भुकेल्याने नाही, काका. लॉकडाऊनमध्ये हीच थाळी पाच रुपयांवर आणली होती, माझा भाऊ दोन महिने तीच जेवला. टॅक्सी उभी होती त्याची.

शंकासुर
लॉकडाऊनची गोष्ट वेगळी. बाकी मतावर ठाम.

चाळकरी
माथाडीच्या पोराशी सहमत, परळच्या सुनेशी तर शंभर टक्के. पण ताई, पाच किलो धान्याबरोबर खायची भाजी मावशींकडूनच येते. दुकानात पाव किलोखाली काही मिळत नाही, मावशी पाच रुपयांचे चार टोमॅटोही देतात.

काल त्यांना हा धागा मोबाइलवर वाचून दाखवला. काटा सोडवून आणलाय, दंड भरून. जुन्नरीदादांचं ऐकून म्हणाल्या, "उरलेला माल घाटावर परत कशाला नेतो तो? दुपारी मला दे म्हणावं, सोमवारी मी विकते."

लगेज_डबा
आणि सोमवारी गाडी आली तर?

चाळकरी
तेच तर धागा काढला तेव्हापासून विचारतोय.

जुन्नरी
देतो की! नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. फक्त मावशींना सांगा, मेथी उरत नाही. उरतो तो कोबी.