जुन्या कॉम्बीत झोपायची सोय: सीट काढू की फळी टाकू?

डिझेलदादा

मंडळी, मामाची स्कोडा ऑक्टेव्हिया कॉम्बी (लांब डिकीची स्टेशन वॅगन) माझ्याकडे आली आहे. 2005ची, 1.9 डिझेल. पंधरा वर्षांनंतरचं पासिंग, ग्रीन टॅक्स सगळं उरकलंय, तेव्हा 'भंगारात काढ' हा सल्ला नको, तो घरी रोज मिळतो.

डिसेंबरात मी आणि बायको पुण्याहून निघून आंबा घाटाने रत्नागिरीला उतरणार, तिथून सागरी महामार्गाने वेंगुर्ल्यापर्यंत. काही रात्री गाडीतच काढायच्या आहेत. मागच्या सीटची बैठक पुढे उभी करून पाठ आडवी केली की डिकीपासून जवळजवळ सपाट जागा मिळते, पण लांबी जेमतेम साडेपाच फूट. मी 5 फूट 9 इंच. गॅरेजवाला म्हणतो, सीटच काढा आणि कायमचा पलंग ठोका. करू का? गादी कसली घ्यावी? आणि रात्रभर एसी चालू ठेवला तर चालतो का?

रंधा

शेवटचा प्रश्न आधी. नाही चालत. बंद गाडीत इंजिन चालू ठेवून झोपायचं नाही, डिझेल असो की पेट्रोल. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि झोपलेल्या माणसाला जाग येईलच असं नाही. तुमच्या डिकीची रबरं वीस वर्षांची, सायलेन्सरचे जोड किती धडधाकट असतील ते गॅरेजवाल्यालाच विचारा. पलंगाचं बोलतोय तेवढ्यात हेही बघ म्हणावं.

आता पलंग. चिंचवडला आमचा फर्निचरचा धंदा आहे, गाड्यांच्या आतली कामंही येतात. कायमचा पलंग मागणाऱ्याला मी आधी आरसी दाखवायला सांगतो. त्यावर पाच आसनं लिहिलीत ना? मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसीवरच्या नोंदींशी न जुळणारा बदल परस्पर करता येत नाही. उद्या गाडी ठोकली तर विमावाला हेच पहिलं काढेल. म्हणून जे करायचं ते पाच मिनिटांत उचलून बाहेर ठेवता येईल असं.

उभी केलेली बैठकच तुमची लांबी खाते. सहलीपुरती ती सोडवून घरी ठेवा. पुढच्या सीट पुढे सरकवून त्यांच्या पाठी पुढे झुकवा. मग पाय ठेवायच्या जागेचा खड्डा उरतो, त्यावर पूल टाकायचा. मुख्य फळीला पियानो बिजागरीने (कडेच्या अख्ख्या लांबीची सलग बिजागरी) फूटभर रुंदीची पट्टी जोडायची. दिवसा ती मागे दुमडायची, रात्री उघडून खाली भाजीचे दोन प्लास्टिक क्रेट उभे करायचे. क्रेटमध्ये पाणी, शिधा. उशी या पट्टीवर येते, पाय डिकीकडे. गाडी नेहमी तोंड चढाकडे करून लावा, म्हणजे डोकं वर राहतं.

प्लाय 12 मिमी, बीडब्ल्यूआर ग्रेड, म्हणजे उकळत्या पाण्यालाही टिकणारा. एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) अजिबात नको, कोकणच्या हवेत पापडासारखा फुगतो. आठ बाय चारची अख्खी शीट वीस किलोच्या आसपास भरते, म्हणून फळीचे दोन तुकडे करा, वहिनींना एकटीने उचलता आले पाहिजेत. कडांना वॉर्निश, कारण पाणी कडेतूनच शिरतं. खाली जुनी योगा मॅट अंथरली की कुशीवर वळताना करकर होत नाही.

यूट्यूबवर लोक फळीखाली ड्रॉवर करतात. दिसतात झकास. पण उंच व्हॅनमधली गोष्ट कॉम्बीत करायला गेलात तर उठून बसता येणार नाही, आडवे पडूनच पँट घालावी लागेल. फळी, वर तीन इंची फोम, संपलं. फोम 40 डेन्सिटीचा, तीन तुकड्यांत कापून घ्या. कापसाची गादी दमट हवेत ओल धरते. चाकांच्या कमानींमध्ये तीन-सव्वातीन फूटच मिळतील, दोघांना दाटीवाटी होणार.

पण माझं ऐकाल तर फळीपेक्षा हवेवर जास्त डोकं चालवा. दोन माणसांच्या श्वासाने बंद गाडी तासाभरात कोंदट होते. मागच्या दोन्ही दारांवर मच्छरदाणीच्या कापडाची खोळ शिवून वरून चढवा, मग काचा दोन बोटं खाली घेता येतात. पाच वॅटचा यूएसबी पंखा 20,000 एमएएचच्या पॉवर बँकेवर रात्रभर चालतो (74 वॉट-अवर, गळती धरूनही पुरतात). गाडीच्या बॅटरीला हात लावू नका, सकाळी स्टार्टर गप्प बसेल. आडोशाला पत्र्याच्या छताखाली लावतात ती चंदेरी बबल शीट काचेच्या मापाने कापा. सकाळी काढल्याशिवाय गाडी हलवायची नाही.

सायली_को

रंधाभाऊंनी गाडीचं सांगितलं, मी गाडी कुठे लावायची ते सांगते. पुळणीवर नाही! भरतीचं पाणी कुठवर येतं ते बाहेरच्याला कळत नाही, आणि चाक रुतलं की मग ट्रॅक्टर शोधा. माडाखालीही नको. नारळ सोडा, नुसती झावळी पडली तरी काच जाते.

आमच्याकडे गावात घरगुती खानावळी भरपूर आहेत. रात्रीचं जेवण तिथे सांगा आणि 'गाडी अंगणात लावून आत झोपलो तर चालेल का काकू' असं सरळ विचारा. काकू आधी 'गाडीत कशाला, खोली आहे ना' म्हणतील. आंघोळीचे पैसे आपणहून द्या. रत्नागिरीजवळ पावस गावात भक्तनिवास आहे, एक रात्र तिथे पाठ टेका. अंधार पडायच्या आत थांबायचं ठिकाण ठरलेलं असावं, विशेषतः वहिनी बरोबर असताना. पेट्रोल पंपावर स्वच्छतागृह वापरू देणं बंधनकारक आहे, पण लहान पंप रात्री बंद होतात.

ऑकलंडकर

इथे न्यूझीलंडमध्ये वॅगनमध्ये झोपणारे खूप. 2023च्या कायद्याने 'सेल्फ-कंटेन्ड' (पाणी-संडासाची सोय गाडीतच असल्याच्या) प्रमाणपत्राला गाडीत कायम बसवलेला संडास लागतो, त्यामुळे आम्ही वॅगनवाले मुकाट पैसे भरून कॅम्पसाइटवर जातो. एकच भर घालतो: ड्रायव्हरच्या सीटवर रात्री काही ठेवू नका आणि किल्लीची जागा ठरलेली ठेवा. मध्यरात्री निघावंसं वाटलं तर सामान हलवत बसायला नको.

डिझेलदादा

सगळ्यांचे आभार. सीट राहणार, गॅरेजवाला रुसणार. रंधाभाऊ, एक राहिलं: आतून लॉक करून झोपलो तर बाहेर पडायचं कसं? डिकी आतून उघडत नाही.

रंधा

मागच्या दारांचे चाइल्ड लॉक काढून ठेवा, तीच तुमची वाट. मच्छरदाणीची खोळ दार उघडताना अडकत नाही ना तेही बघा. आणि गाडीला आतल्या हालचालीवर वाजणारा अलार्म असेल तर तो बंद कसा करतात ते आधीच शिकून घ्या. निघायच्या आधी एक रात्र सोसायटीच्या पार्किंगमध्ये झोपून बघा. वॉचमनला सांगून.