मुलगी अमेरिकेत शिकायला निघाली आहे: दारू, पार्ट्या आणि सुरक्षितता

मेधा: माझी मुलगी ऑगस्टमध्ये पदवीच्या पहिल्या वर्षासाठी अमेरिकेला जात आहे. तिथल्या पार्ट्यांमधले बेसुमार मद्यपान आणि हूकअप, म्हणजे नात्याची अपेक्षा न ठेवता होणारे शरीरसंबंध, यांमुळे मुलींवर लैंगिक अत्याचार होण्याचा धोका खरोखर वाढतो का? ‘पिऊ नकोस’ एवढे सांगून भागेल का?

सुनीता: मी तिथल्या एका विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात काम करते. धोका वाढतो. सुमारे दोन तासांत चार किंवा अधिक पेये घेणे हे स्त्रियांच्या बाबतीत अतिमद्यपान मानतात. एका पेयात 14 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल धरलेले असते. पार्टीत कोणी पेल्यात ओतून दिलेले पंच, म्हणजे फळांच्या रसात दारू मिसळून केलेले पेय, मात्र किती कडक आहे, हे पिणारीला कळत नाही. स्त्रियांच्या शरीरात पाण्याचे प्रमाण कमी असल्याने तेवढ्याच दारूने त्यांच्या रक्तातील पातळी अधिक चढते, आणि नशेत लक्ष इतके आकुंचित होते की, सोबतचा मुलगा आपल्याला मैत्रिणींपासून दूर नेत आहे, ही खूण निसटून जाते. हूकअपच्या प्रसंगी दोघेही बहुधा प्यायलेले असतात आणि एकमेकांना पुरते ओळखत नसतात, त्यामुळे जबरदस्ती करणाऱ्याला संधी मिळते. पहिल्या सत्राचे सुरुवातीचे आठवडे सर्वांत जोखमीचे असतात.

अनिरुद्ध: हे मान्य करूनही मला वाटते की, सगळी चर्चा मुलीच्या पेल्याभोवती फिरणे अन्यायाचे आहे, कारण अत्याचार करणारा पुष्कळदा स्वतःही प्यायलेला असतो आणि त्याला कोणी जाब विचारत नाही. पार्टी कोणाच्या घरात होते, हेही पाहायला हवे. सोरोरिटींच्या, म्हणजे विद्यार्थिनींच्या संघटनांच्या, निवासांत सहसा दारूला बंदी असते, त्यामुळे पार्ट्या फ्रॅटर्निटींच्या, म्हणजे मुलांच्या संघटनांच्या, घरांत होतात. तिथे दारू, खोल्या आणि दरवाजे मुलांच्या ताब्यात असतात.

वैदेही: मेधाताई, केवळ मनाईचा उपयोग थोडाच होतो. कॅनडातील तीन विद्यापीठांत प्रथम वर्षाच्या मुलींना ओळखीच्या पुरुषाकडून असलेला धोका वेळीच ओळखण्याचे, भिडेवर मात करून ठाम नकार देण्याचे आणि प्रतिकाराचे बारा तासांचे प्रशिक्षण दिले गेले. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, वर्षभरात बलात्कार झालेल्या मुलींचे प्रमाण या गटात 5.2 टक्के, तर केवळ माहितीपत्रके मिळालेल्या गटात 9.8 टक्के होते. ही भीड आपल्या मुलींना लहानपणापासून शिकवली जाते, म्हणून मला हा भाग फार मोलाचा वाटतो.

तिला स्पष्ट सांगा की, कोणत्याही अवस्थेत, रात्री कितीही वाजता फोन केलास तरी आधी तू सुखरूप पोहोचशील एवढेच आम्ही पाहू. तिथे 21 वर्षांखालील व्यक्तीला दारू विकण्यास बंदी असल्याने, शिक्षेच्या भीतीने अनेक मुली अत्याचाराची तक्रारच करत नाहीत. अनेक विद्यापीठे मदत मागणाऱ्या विद्यार्थिनीवर मद्यपानाबद्दल कारवाई करत नाहीत. तिच्या विद्यापीठाचा हा नियम आणि टायटल नाइन कार्यालयाचा (शिक्षणसंस्थांतील लिंगाधारित भेदभाव आणि लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी पाहणाऱ्या कार्यालयाचा) संपर्क निघण्यापूर्वीच दोघींनी मिळून वाचून ठेवा.